कागद कन्नडमधला, अंगठा आजींचा

या वेळचं पत्र बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात काम करणाऱ्या एका कार्यकर्तीचं आहे. ओळख पटेल असे तपशील तिच्याच विनंतीवरून काढले आहेत आणि पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.

“ताई, मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू झाले आणि दोन वर्षांपासून एका संस्थेतर्फे घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल बघते. बीपी तपासणं, गोळ्या मोजून डबीत भरणं, पेन्शनचे कागद, आणि खरं सांगायचं तर निम्मा वेळ नुसतं ऐकणं. माझ्याकडं सतरा घरं आहेत. त्यातल्या एका घरानं माझी झोप उडवली आहे.

आजी ८१ वर्षांच्या. मुलगा उद्यमबागेत फौंड्रीत, सून काजूच्या कारखान्यात. मुलगी कोल्हापूरला दिलेली. दिवसा घरात कुणी नसतं. आजी दोनदा एकट्याच विहिरीकडच्या वाटेला लागल्या, तेव्हापासून सून सकाळी बाहेरून कुलूप घालून जाते. चावी शेजारी ठेवते, ती घेऊन मी आत जाते. आजींच्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे आणि संध्या सुरक्षा या म्हातारपणच्या पेन्शनचे पैसे येतात, ते मुलगा काढतो. आजी मला म्हणाल्या, ‘पासबुक बी दावत नाहीत. पर तू कुणाला सांगू नको. मी हितंच ऱ्हातो, हितंच मरतो.’

गेल्या महिन्यात मुलानं एक कन्नडमध्ये टाईप केलेला कागद दाखवला. रस्त्याकडेची तीस गुंठे जमीन आजींच्या नावावर आहे, तिचं मुलाच्या नावे बक्षीसपत्र. म्हणाला, ‘आई तुमचं ऐकते. पेन्शनचा कागद हाय म्हणून सांगा, अंगठा घ्या आणि साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा.’ मी ‘बघते’ म्हणून वेळ मारून नेली. आजी भिंग लावून रोज ‘तरुण भारत’ वाचतात, पण कन्नड त्यांना येत नाही. मला येतं.

संस्थेत सांगितलं तर ‘घरच्या भानगडीत पडू नका, गावात पाय ठेवू देणार नाहीत’ असं उत्तर आलं. तक्रार केली तर त्या घराचं दार मला बंद होईल आणि आजींकडं बाहेरचं माणूस म्हणून कुणीच जाणार नाही. गप्प राहिले तर मीच त्या कागदात सामील. त्यात परवा आजींनी बोरमाळेतले चार मणी रुमालात बांधून माझ्या पर्समध्ये घातले, ते अजून माझ्याकडंच आहेत. मी आजींची की त्या घराची? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला अहोजाहो करू नका.”

बाळ, तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती मी तीनदा वाचली. आजी भिंग लावून रोज पेपर वाचतात. तू ती सहज लिहून गेलीस, पण सगळं तिच्यातच आहे. आजी ८१ वर्षांच्या, म्हणजे त्यांचं शाळेचं वय १ नोव्हेंबर १९५६च्या आधीचं. तेव्हा आपला हा भाग मुंबई राज्यात होता, शाळा मराठी होती. जी बाई आज पेपर वाचते तिला सही येत असणार. मग मुलगा अंगठा का मागतोय? हात थरथरतो म्हणून बँकेत अंगठा घेत असतील, तर ठीक. पण तसं नसेल, तर वाचता येणाऱ्या बाईला अडाणी ठरवून, तिला न येणाऱ्या भाषेतला कागद तिच्यापुढं सरकवला जातोय. सीमाप्रश्नावर ज्याचं जे मत असेल ते असो. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांवर हा प्रसंग रोज येतो. उतारा कन्नडमध्ये, बँकेचा फॉर्म कन्नडमध्ये, दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत. कागद काय म्हणतो ते सांगणारं माणूस घरातलंच असतं आणि बहुतेक वेळा तो कागद त्याच माणसाच्या फायद्याचा असतो. तुला दोन्ही भाषा येतात. त्या घरात आजींसाठी तुझ्याकडं याहून मोठं काही नाही. बीपीचं मशीन नंतर.

म्हणून पहिली गोष्ट. ‘पेन्शनचा कागद’ हे तुझ्या तोंडून जाऊ देऊ नकोस आणि साक्षीदार म्हणून सहीही करू नकोस. मुलगा कितीही गोड बोलला, जेवायला बसवलं, आईची शपथ घातली, तरी नाही. बक्षीसपत्र नोंदवायला निदान दोन साक्षीदार लागतात. उद्या मुलीनं कोर्टात आव्हान दिलं की तुलाच उभं करून विचारतील, कागद आजींना वाचून दाखवला होता का, कुठल्या भाषेत, खोलीत आणखी कोण होतं. पण कोर्टाच्या भीतीपेक्षा मला दुसरंच जास्त लागतं. आजी तुझं ऐकतात म्हणूनच मुलानं हे काम तुला सांगितलं. दोन वर्षं त्यांच्या उशाशी बसून तू जो विश्वास मिळवलास, तोच तो उसना मागतोय.

आता ‘बघते’चं काय करायचं? ते ‘बघते’ लवकर मोडून काढ, कारण मुलानं त्याचा अर्थ ‘करते’ असा घेतला असणार. त्याला आजींच्या पाठीमागं नव्हे, अंगणात, शांतपणे सांग: ‘दादा, मी कुठल्याच घरच्या जमिनीच्या कागदावर सही करत नाही आणि आजींना खोटं सांगणार नाही. पण आजींची द्यायची इच्छा असेल, तर कागद मराठीत करून त्यांना वाचायला द्या. लागली तर त्या कामात मी मदत करते.’ तो चिडेल. चिडू दे. तू दार लावून घेतलं नाहीस एवढं त्याला कळलं पाहिजे.

आणि ती मदत खरीच कर, कारण मुलाची घाई मला समजते. काहीच कागद न करता आजी गेल्या, तर त्यांच्या नावची जमीन मुलगा आणि मुलगी दोघांकडं सारखी जाते. इतकी वर्षं सांभाळणारा मी आणि वाटणीला बहीण सारखी, हे त्याच्या मनात असणार. तो लबाड आहे असं मी लगेच म्हणणार नाही. घाबरलेला माणूसही असंच वागतो. त्याला सांग की मृत्युपत्र नावाची सोपी वाट आहे. आजींना खरंच त्यालाच द्यायचं असेल, तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करता येतं, आजी हयात असेपर्यंत जमीन त्यांचीच राहते आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही, ते नोंदलं की जमीन आजच गेली. तरीही बक्षीसपत्रच हवं असेल, तर ‘आईला शेवटपर्यंत जेवण, औषध, राहायला जागा देईन’ ही अट त्या कागदातच लिहिलेली हवी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याचं २३वं कलम सांगतं की अशा अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण डिसेंबर २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं ती अट असल्याचं दिसलं पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५च्या निकालात कोर्टानं या कायद्याकडं म्हाताऱ्यांच्या बाजूनं, उदारपणे बघा असं सांगितलं हे खरं, पण आजींना उद्या निकालाच्या उदारपणावर सोडायचं कशाला? चार ओळी कागदातच घालून घ्याव्यात. आजींना ऑफिसपर्यंत नेणं झेपत नसेल, तर कारण दाखवून सब रजिस्ट्रारना घरी बोलावण्याची सोयही कायद्यात आहे.

हे सगळं करण्याआधी मात्र आजींना विचारायचं. एकट्यात, मराठीत, सकाळच्या वेळी. ‘आजी, रस्त्याकडच्या रानाचं तुझ्या मनात काय हाय?’ एवढंच, आणि मग गप्प बसायचं. आठ दिवसांनी परत विचार, दुपारी. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते त्यांचं उत्तर आहे. आज वार कोणता हे त्यांना सांगता आलं नाही, म्हणून रान कुणाला द्यायचं हे त्यांना कळत नाही असं नसतं. मी अशा कितीतरी बाया बघितल्यात, ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण लग्नात मिळालेलं कोणतं पातळ कुणाला द्यायचं ते पाठ असतं. कदाचित आजी म्हणतील, ‘पोरालाच देतो, त्यानंच सांभाळलंय.’ मग ते त्यांचं दान. तुला किंवा मला ते पटण्याचा प्रश्न येत नाही. कोल्हापूरच्या लेकीला तू परस्पर फोन करू नकोस. तेही आजींना विचारूनच.

मी हे इतक्यांदा का सांगते आहे, ते तुला कळायला हवं. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत शहापूर-खासबागच्या बाजूला एका विणकर आजोबांच्या घरी मी जात होते. मागावर आयुष्य गेलेला माणूस. एके दिवशी त्यांच्या दोन्ही हातांवर मला जांभळे-काळे डाग दिसले. मी त्यांना काहीच विचारलं नाही. माझं रक्त उसळलं आणि त्याच संध्याकाळी मी मुलाविरुद्ध तक्रार लिहून दिली. चौकशी आली, गल्लीत बोभाटा झाला. पुढच्या आठवड्यात गेले तर घराला कुलूप. आजोबांना इचलकरंजीला भावकीकडं पाठवून दिलं होतं. मी शोधत गेले. ते एका परक्या घराच्या पडवीत, अनोळखी खाटेवर बसले होते. ‘मला इचारायचं तरी हुतं की गं,’ एवढंच म्हणाले. हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, त्यात ती गोळी, खाटेची कड लागली तरी डाग उठतो. ती गोळी मीच डबीत भरत होते. काही महिन्यांत ते तिथंच गेले. ती चूक माझी होती आणि तिच्यासाठी मी दुसऱ्या कुणालाही बोल लावत नाही.

म्हणजे तक्रार करूच नये असं नाही. अन्न बंद केलं, गोळ्या मुद्दाम दिल्या नाहीत, मारहाण झाली, अंथरुणात जखमा कुजू दिल्या, तर आजींची ‘सांगू नको’ ही विनवणी असली तरी तू थांबायचं नाहीस. हे त्यांना आधीच सांगून ठेव. ‘आजी, तुझं सगळं माझ्या पोटात ऱ्हाईल, पर जिवावर बेतंल असं मी एकटी पोटात ठेवणार नाही.’ पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं असतं. आपण सांगत नाही, कारण तेव्हा ओळख जमवायची असते. आता सांग. अजून उशीर झालेला नाही. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, तो नंबर मोठ्या आकड्यांत लिहून आजींच्या पेपरच्या गठ्ठ्याजवळ ठेव. पोटगी आणि मालमत्तेचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं होतो. तिथं वकील लागत नाही, आणि माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याच्या वतीनं संस्थाही अर्ज करू शकते. शिवाय ते आधी समेट घडवायला पाठवू शकतात, त्यामुळं अर्ज म्हणजे पोराला बेड्या असं आजींच्या डोक्यात असेल तर ते काढून टाक. अर्ज मराठीत चालेल का, असं तुला कुणीतरी विचारेलच. राज्यघटनेचं ३५०वं कलम आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. खाली कन्नड भाषांतर जोड म्हणजे टेबलावर अडणार नाही, पण आजींचे शब्द आजींच्या भाषेत वर असू देत.

पासबुकाबद्दल मी जरा सौम्य आहे आणि ते तुला आवडणार नाही. गृहलक्ष्मीचे दोन हजार रेशन कार्डावर जी घरची प्रमुख बाई, तिच्या खात्यावर येतात. आपल्याकडच्या जुन्या कार्डांवर ती सासू असते आणि चूल पेटवते सून. २०२३पासून किती घरांत यावरून भांडणं लागली ते मी बघते आहे. त्या पैशांतून घरात तेल-मीठ येत असेल आणि आजींची गोळी-औषधं होत असतील, तर मी त्याला चोरी म्हणणार नाही. पण पासबुक आजींचं आहे. मुलगा घरी असताना, त्याच्यासमोर म्हण, ‘आजींना आकडे वाचायला आवडतात, या महिन्यात मी नोंद करून आणते.’ आणून आजींच्या हातात दे. हिशेब विचारायचा तर त्या विचारतील. त्यांच्या वतीनं पोलीसगिरी तू करू नकोस.

आता कुलूप. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तुझ्या पत्रात सुनेचं एकही वाक्य नाही. मुलगा बोलतो, आजी बोलतात, संस्था बोलते. सून फक्त कुलूप घालते. तिच्याशी तू बसून बोललीस का कधी? काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं बघ एकदा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, बोटांची टोकं काळी पडून सोलवटलेली असतात. तसल्या हातांनी ती संध्याकाळी येऊन सासूच्या ओल्या वाकळा धुते. आणि सकाळी निघताना चावी शेजारी ठेवून जाते. चावी शेजारी ठेवणाऱ्या बाईला सासू मरावी असं वाटत नसतं. तिला हजेरी बुडवायची सोय नाही, एवढंच.

पण बंद घरात म्हातारी, चूल आणि काडेपेटी, हे चालणार नाही. ‘कुलूप काढा’ असं सांगून तू बसमध्ये बसलीस आणि तिसऱ्या दिवशी आजी विहिरीवर गेल्या, तर तेही चालणार नाही. आधी आजींना विचार, त्या दोन वेळेला कुठं निघाल्या होत्या. माझ्या कामातल्या एका आजी रोज चारच्या सुमाराला बाहेर पडायच्या. घरचे म्हणत वेड लागलंय. त्या म्हशीला आणायला निघायच्या. म्हैस विकून बारा वर्षं झाली होती. मग नातवानं चार वाजता त्यांना हाताला धरून गोठ्यापर्यंत नेऊन आणायला सुरुवात केली, आणि त्यांचं एकटं निघणं थांबलं. दुसरं, हे भरकटणं हळूहळू वाढलंय की अचानक सुरू झालं? अचानक असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादी नवी गोळी, यातल्या कशानंही म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो आणि उपचारानं तो उतरतो.

तोवर सुनेबरोबर बसून दिवस वाटून घ्या. तुझी भेट सकाळी असते ना? ती दुपारी दोनवर आण, म्हणजे सगळ्यात लांबलचक एकटेपणाच्या मधोमध कुणीतरी येईल. शेजारीण चावी ठेवतेच आहे, तिनं अकराला कुलूप काढून आजींना स्वतःच्या कट्ट्यावर तासभर बसवलं तर? तिला त्याबद्दल काही द्यायचं असेल, तर तेच त्या दोन हजारांतून द्या. आजींच्या पैशांचा याहून सरळ उपयोग मला सुचत नाही. गॅस खालून बंद, काडेपेटी वर, पाण्याचा तांब्या हाताशी. विहिरीकडच्या बाजूला अंगणाला फाटक बसलं तर घराचं दार उघडं राहू शकतं. लोहाराकडून ते करून घ्यायला मुलाला सांग. फौंड्रीतल्या माणसाला ते अवघड नाही, आणि आईसाठी काहीतरी करायला मिळालं की त्याचाही राग थोडा उतरेल.

मणी उद्याच परत दे. चहा घे, गुळाचा खडा घे, सुगीतला शेरभर तांदूळ आणून दिला तर संस्थेत सांगून घे. सोनं नाही. सुनेच्या देखत रुमाल सोडून आजींच्या हातात ठेव, नाहीतर उद्या मणी हरवल्याचा आळ सुनेवर येईल. आजी रुसतील. त्यांना सांग, ‘माळ पुरी असू दे, मला बघायला आवडती.’

संस्थेनं तुला जे उत्तर दिलं त्याचा मला राग आला. घरच्या भानगडीत पडायचं नव्हतं तर तुला त्या घरात पाठवलं कशाला? तरी भांडत बसू नकोस. आज रात्रीच एका कागदावर तारीख घालून लिही: कागद दाखवला तो दिवस, मुलाचे शब्द जसेच्या तसे, तू काय म्हणालीस, आजी काय म्हणाल्या. एक प्रत संस्थेत दे आणि पोच घे. वर एक मागणी लिही, की कुठलाही कार्यकर्ता लाभार्थीच्या मालमत्तेच्या कागदावर साक्षीदार होणार नाही असा लेखी नियम संस्थेनं करावा. सतरा घरं तुझी, तुझ्या सोबतिणींची आणखी कितीतरी. असा प्रसंग त्यांच्यावरही आलेला असणार, त्यांनीही ‘बघते’ म्हटलं असणार.

तू विचारलंस, मी आजींची की घराची. आजींची. घराच्या दारातून आत जातेस म्हणून घराशी गोडीनं वाग, सुनेचं ओझं हलकं कर, मुलाला वाट दाखव. पण कागद पुढं आला की तू आजींच्या बाजूला बसायचं.

मुलगा कबूल झाला, तर त्या कागदाचं मराठी तूच कर आणि मोठ्या टायपात छापून घे, पेपरच्या मथळ्याएवढ्या. आजींकडं नेऊन दे आणि परत ये. त्यांना दोन-तीन दुपारी लागतील वाचायला. मधे कुठं अडल्या तर त्या तुला विचारतील, तेव्हाच सांग.